यंत्राचं नाव कुणाला सांगावं?

ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय त्याचा डायलर उघडा आणि *#०६# दाबा. कॉल लागणार नाही, पडद्यावर पंधरा आकडे येतील. हा तुमच्या फोनचा आयएमईआय. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात. शेवटचा आकडा बाकीचे नीट लिहिलेत की नाही हे तपासण्यासाठी असतो. मधले सहा आकडे तुमचा फोन त्याच मॉडेलच्या बाकी सगळ्या फोनपासून वेगळा करतात. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन क्रमांक दिसतील.

फोनच्या पोटात असे आणखीही आकडे असतात. वायफायच्या चिपचा मॅक पत्ता असतो, स्टोरेजचा सिरीयल नंबर असतो, आणि बऱ्याच प्रोसेसरमध्ये कारखान्यातच फ्यूज जाळून कोरलेला एक क्रमांक असतो, जो नंतर कुणालाच बदलता येत नाही. हे आकडे बहुधा सर्वात आधी वाचतो तो कर्नल, म्हणजे लोखंड आणि अ‍ॅप यांच्यामध्ये बसलेला प्रोग्राम. अँड्रॉइड फोनमध्ये हा कर्नल लिनक्सचा असतो. त्याला कळलेला आकडा पुढे कुणाला कळावा, हे कर्नलचा कोड लिहिणारा माणूस ठरवतो. त्याने ठरवलेलं बरोबर आहे का, हे तो कोड तपासणारा दुसरा माणूस बघतो.

माझ्या नोकरीचा निम्मा भाग हा दुसरा माणूस होण्याचा आहे. मी अकोल्यात राहतो, कंपनी पुण्यात आहे. आम्ही लिनक्सवर चालणारे छोटे डबे बनवतो. ते दूध संकलन केंद्रांवर बसतात, काटा आणि फॅट मोजणारं मशीन यांना जोडलेले असतात आणि पावती छापतात. आमच्या ड्रायव्हरमध्ये झालेला प्रत्येक बदल मर्ज होण्याआधी कुणीतरी दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचायचा, असा नियम आहे.

काही महिन्यांपूर्वी एका सहकारी मुलीचा पॅच माझ्याकडे आला. जेमतेम चाळीस ओळींचा. ड्रायव्हर चिपमधला जन्मक्रमांक वाचणार आणि एका फाइलमध्ये मांडणार. कारण एका शब्दात लिहिलं होतं: डीबगिंगसाठी. फाइलची परवानगी होती ०४४४.

या चार आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिलं शून्य सोडा. मग एक आकडा मालकासाठी, एक गटासाठी, एक बाकी सगळ्या जगासाठी. चार म्हणजे वाचायची मुभा. ०४४४ म्हणजे डब्यावर चालणारा कुठलाही प्रोग्राम ही फाइल वाचू शकतो. ०४०० असतं तर फक्त मालक, म्हणजे इथे रूट, वाचू शकला असता. दोन आकड्यांचा फरक.

कर्नलच्या कोडवर चालणारं तपासणीचं एक साधन आहे, चेकपॅच नावाचं. परवानगी अक्षरी नावाने लिहिली तर ते सांगतं की आकड्यांत लिहा. एखादी फाइल सगळ्या जगाला लिहायला मोकळी ठेवली, तर ही बहुधा चूक आहे असं बजावतं. सगळ्या जगाला वाचायला मोकळी ठेवली तर मात्र काहीच म्हणत नाही. साधनाला कळेल असा तो प्रश्नच नव्हे. तो माणसाने विचारायचा आहे.

*

आधी पॅचच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू लंगडी नव्हती.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे घाटघर, रतनवाडी, साम्रदचा पट्टा. पावसाळ्यात तिथला पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. दमट हवेने डबे बिघडतात. ते बघायला आमचे जे तंत्रज्ञ जातात त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामा राजूरहून मोटारसायकलवर निघतात, रेनकोटच्या आत लॅपटॉपची पिशवी. केंद्रावर पोचले की पहिला प्रश्न असतो, हा डबा नेमका कुठल्या लॉटचा? चिकटवलेलं लेबल ओलाव्याने गळून पडलेलं असतं. मग डबा उघडायचा, बोर्ड बाहेर काढायचा, बॅटरीच्या उजेडात चिपवरची बारीक अक्षरं वाचायची. मागे दुधाची रांग लागलेली.

मी शंका काढली तेव्हा मामा फोनवर म्हणाले, “अरे बाबा, तुमचं ते बरोबर असंल. पण मला तिथं नंबर दिसला तर मी अर्ध्या तासात मोकळा होतो.”

हे वाक्य मी बाजूला सारू शकत नाही. खाजगीपणावर बोलणारे बहुतेक जण कोरड्या खोलीत बसलेले असतात, मीही त्यांतलाच. नाही म्हणायची किंमत मी भरणार नव्हतो, मामा भरणार होते.

सहकारी मुलीचा मुद्दा वेगळा होता. ती म्हणाली, “हा नुसता नंबर आहे. त्यात नाव नाही, गाव नाही, फोन नाही. कुणी वाचला तर त्याला काय कळणार आहे?” शिवाय तिच्याकडे दाखले होते. रास्पबेरी पायवर /प्रोक/सीपीयूइन्फो ही फाइल उघडली की शेवटी सिरीयल नंबर दिसतो, आणि इंजिनिअरिंगला असताना आम्ही सगळ्यांनीच तो पाहिलाय. खुद्द लिनक्समध्ये चिपची माहिती देणारा जो सर्वसाधारण ढाचा आहे, त्यातली सिरीयल नंबरची फाइल ०४४४ आहे. गंमत अशी की त्याच लिनक्समध्ये लॅपटॉप आणि डेस्कटॉपचा सिरीयल नंबर देणारी फाइल ०४०० आहे. एकाच घराला दोन दारं, एक सताड उघडं, एक कुलूपबंद. म्हणजे दाखल्यांवरून हा वाद सुटणार नव्हता.

*

“नुसता नंबर” म्हणजे काय, हे समजून घ्यायला आमच्याकडे गोठ्यात जावं. गायीच्या कानात पिवळा टॅग असतो, त्यावर बारा आकडे. त्या आकड्यांत गायीचा रंग नाही, दूध नाही, मालक नाही. पण लसीकरणाची नोंद त्या आकड्यांवर होते, रेतनाची त्याच आकड्यांवर, विम्याची त्याच आकड्यांवर. आकडा मुका असतो. तीन वह्यांत तोच आकडा लिहिला की वह्या आपसांत बोलू लागतात. गायीच्या बाबतीत आपल्याला तेच हवं असतं, कारण गायीला लपवण्यासारखं काही नसतं.

आता आमच्या डब्यावर या. त्यावर आमचा एकच प्रोग्राम चालत नाही. डेअरीचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप एकाचं, पशुखाद्याच्या उधारीचं दुसऱ्याचं, आणि उद्या कुणी कर्ज देणाराही आपलं अ‍ॅप टाकू शकतो. प्रत्येकाचं खातं वेगळं, सर्व्हर वेगळा. चिपचा क्रमांक तिघांनाही वाचता आला आणि तिघांनीही तो नोंदींना जोडला, तर कुणाची परवानगी न घेता तीन वह्या एकत्र शिवता येतात. एकदा केंद्र जुळलं की माणूस जुळायला वेळ लागत नाही. सत्तेचाळीस नंबरचा सभासद तिन्ही अ‍ॅपमध्ये सत्तेचाळीस नंबरचाच असतो, कारण केंद्रचालक प्रत्येक ठिकाणी तोच कोड टाकतो.

हे कुणी केलंय असा माझा आरोप नाही. मी फक्त रस्ता कुठे जातो ते दाखवतोय. त्या रस्त्याच्या टोकाला एक बाई कर्ज मागायला बसलेली आहे. समोरच्याला तिने काही सांगण्याआधीच माहीत आहे की गेल्या महिन्यात तिची एक गाय आटली, फॅट घसरलं आणि खाद्याची उधारी चढली. सौद्यात दोघांनाही एकमेकांबद्दल थोडं कमी माहीत असतं, तेवढ्या जागेतच गरिबाला घासाघीस करता येते. ती जागा आमच्या चाळीस ओळींनी भरून निघाली असती.

दुसरी गोष्ट न पुसल्या जाण्याची. आमच्याकडे फोन हातोहात फिरतात. काकाने वापरला, मग पुतणीला दिला, तिने कॉलेजला जाताना दुकानात बदलला. प्रत्येक हातात फोन रिसेट होतो, फोटो जातात, खाती जातात. चिपचा क्रमांक तेवढा तोच राहतो. माणूस बदलला हे त्याला कळत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, सिम बदलता येतं. फ्यूज जाळून लिहिलेला आकडा एकदा बाहेर गेला की गेला.

*

हा वाद जुना आहे. १९९९ साली इंटेलने पेंटियम थ्री आणला तेव्हा प्रत्येक प्रोसेसरमध्ये ९६ बिटांचा एक क्रमांक घातला होता आणि तो सॉफ्टवेअरला वाचता येत असे. ऑनलाइन व्यवहार सुरक्षित होतील, कंपन्यांना आपल्या यंत्रांची मोजदाद ठेवता येईल, अशी कारणं दिली होती. ती खोटी नव्हती. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली, आणि पुढच्या पिढीच्या पेंटियम फोरमधून तो क्रमांक गेला.

लिनक्सने त्या वेळी काय केलं हे मला फार आवडतं. कर्नल सुरू होतानाच प्रोसेसरमधला एक बिट लावून तो क्रमांक बंद करायचा, आणि लॉगमध्ये एक ओळ छापायची की सीपीयूचा सिरीयल नंबर बंद केला आहे. ज्याला हवा असेल त्याने यंत्र सुरू करताना तसं मुद्दाम सांगायचं. हे काम करणाऱ्या फंक्शनचं नाव आहे ‘स्क्वॉश द स्टुपिड सिरीयल नंबर’. तो मूर्ख नंबर चिरडून टाका! एरवी कर्नलमधली नावं इतकी रुक्ष असतात की या नावात कुणाचा तरी राग आजही ऐकू येतो.

फोनच्या बाबतीत हे शहाणपण उशिरा आलं. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयफोनचा कायमचा क्रमांक वाचणारी अ‍ॅप स्वीकारणं बंद केलं. अँड्रॉइडने २०१७ च्या आठव्या आवृत्तीत प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळा दिसेल असा आयडी द्यायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत साध्या अ‍ॅपना आयएमईआय आणि सिरीयल नंबर वाचायची बंदी केली. मधल्या काळात जे आकडे गोळा झाले, ते ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आहेत.

कर्नलमध्ये याहून एक कडक नियम आहे. वापरकर्त्याचा चालू असलेला प्रोग्राम कर्नलच्या बदलामुळे मोडता कामा नये, हा लायनस टोरवाल्ड्सचा हट्ट. फार चांगला हट्ट आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की आज दिलेली फाइल उद्या काढून घेणं जवळपास अशक्य होतं, कारण तोवर कुणीतरी तिच्यावर विसंबलेलं असतं. देणं एका ओळीचं काम, परत घेणं वर्षांचं. जिथे चुकीच्या दोन दिशांपैकी एकच दिशा दुरुस्त होऊ शकते, तिथे पुरावा कुणी द्यायचा हे आपोआप ठरतं. दार उघडणाऱ्याने सांगावं की ते का उघडतोय. बंद ठेवणाऱ्याकडे कारण मागू नये.

*

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण ओळख लपवणं हेच नेहमी चांगलं, असं मला म्हणता येत नाही, आणि याचं कारण माझा तालुकाच आहे.

आमच्याकडे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांपूर्वीचा कागद शोधत फिरणारं घर मी पाहिलंय. ज्याच्याकडे कागद नाही त्याला रेशन नाही, शिष्यवृत्ती नाही. तिथे क्रमांक नसणं हीच आपत्ती असते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आदिवासी गावात वाटले गेले, त्यामागे हीच कल्पना होती की ज्याला कुणी ओळखत नाही त्याला आधी ओळख द्यावी. सातबाराचंही तसंच. गट क्रमांक टाकून कुणाचीही नोंद बघता येते, आणि ते योग्यच आहे. जमीन परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढली तर ते कळण्याचा तोच एक मार्ग. आयएमईआयवरूनच हरवलेला फोन बंद करता येतो, आणि देशभरात ती सोय २०२३ पासून आहे.

मग फरक कुठे पडतो? मला वाटतं, प्रश्न दोन विचारावेत. पहिला, ज्याची ओळख उघडी होतेय त्याला ते माहीत आहे का, आणि त्यातून त्याला काही मिळतं का? सातबारा ज्याचा आहे त्याला माहीत असतं की तो उघडा आहे, आणि तो उघडा असण्याने त्याचं रक्षणही होतं. चिपचा क्रमांक ज्या केंद्रावरून वाचला जाईल तिथल्या एकाही सभासदाला तो असल्याचंच माहीत नाही. दुसरा प्रश्न, हा आकडा एका कामापुरता दिलाय की सगळ्या कामांना पुरेल असा? आधारच्या बाबतीतही २०१८ मध्ये सोळा आकडी व्हर्च्युअल आयडी आणावा लागला, जो मूळ क्रमांकाऐवजी देता येतो आणि बदलताही येतो. एकच कायमचा आकडा सगळीकडे देत बसणं बरं नव्हे, हे त्या व्यवस्थेनेही मान्य केलं असा मी त्याचा अर्थ लावतो.

*

या दुसऱ्या प्रश्नाने आमचा पॅच सुटला.

डीबगिंग करणाऱ्याला खरं तर काय हवं असतं? मी मामांना एकेक विचारत गेलो. डबा कुठल्या लॉटचा? म्हणजे तो कशा प्रकारचा आहे. काल ज्याने तक्रार केली तोच हा, की दुसरा? म्हणजे दोन गोष्टी एकच आहेत की नाहीत. हा डबा जगातला नेमका कोणता, हे त्यांना फक्त एकदाच लागतं, तो कारखान्यात परत पाठवताना. बिघाड शोधताना नव्वद टक्के वेळा आपण “काय झालंय” असं विचारत असतो. “कोण आहे” हा प्रश्न आपण आळसाने विचारतो, कारण त्याच्या उत्तरातून बाकीची उत्तरं फुकट मिळतात.

कर्नलमध्येच याचं देखणं उदाहरण आहे. पूर्वी लॉगमध्ये मेमरीचे पत्ते जसेच्या तसे छापले जात. बिघाड शोधायला सोयीचे, आणि घुसखोरालाही तितकेच सोयीचे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीपासून त्या जागी पत्त्याचा हॅश छापला जातो. त्याची गुप्त किल्ली यंत्र सुरू होताना दर वेळी नव्याने निवडली जाते. एकच पत्ता दोनदा आला तर हॅशही तोच येतो, त्यामुळे दोन ओळी एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत हे कळतं. खरा पत्ता कळत नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की जुने हॅश निरुपयोगी. खरा पत्ता छापायची वेगळी खूण ठेवलेली आहे, पण ती वापरणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये कारण द्यावं लागतं.

मी रिव्ह्यूमध्ये तेच लिहिलं. लॉट नंबर ०४४४ राहू दे, तो हजारो डब्यांना सारखाच असतो. पूर्ण क्रमांक ०४००, मामांच्या लॅपटॉपवरचं सर्व्हिसचं साधन रूट म्हणून तो वाचेल. अ‍ॅपना आपापला डबा ओळखायची गरज खरी आहे, तर प्रत्येक अ‍ॅपला क्रमांकापासून गुप्त किल्लीने काढलेला वेगळा आयडी द्यायचा, जो दुसऱ्या अ‍ॅपच्या आयडीशी जुळणार नाही आणि डबा दुसऱ्या केंद्रावर गेला की बदलेल. सहकारी मुलीने तीन दिवस कुरकुर केली, मग माझ्यापेक्षा चांगला कोड लिहून आणला. नाही म्हणणाऱ्याने पर्याय द्यायलाच हवा, असं मला तेव्हापासून वाटतं. पर्याय न देता नाही म्हणणं म्हणजे आपल्या तत्त्वाचं बिल मामांच्या नावावर फाडणं.

तरी थोडं बिल त्यांच्या नावावर फाटलंच. सर्व्हिसचं साधन सुरू करायला लॅपटॉप लागतो. पूर्वी ज्या फोनवर नुसतं बघून भागलं असतं, तिथे आता पावसात पिशवी उघडावी लागते. दर खेपेला दहा मिनिटं जास्त. मामा काही बोलत नाहीत, पण ती दहा मिनिटं खरी आहेत. अनोळखी माणसांच्या अजून न झालेल्या नुकसानीसाठी मी ओळखीच्या माणसाचा रोजचा थोडा वेळ घेतला. हे समर्थनीय आहे असं मला वाटतं, फुकट आहे असं वाटत नाही.

आणखी एक आक्षेप उरतो. ठरवलेल्याला रस्ते असतातच. मॅक पत्ता बघेल, आयपी बघेल, तुमची एक फाइल बंद करून काय होणार? याचं उत्तर मला एवढंच सुचतं की कुंपणाला दुसरीकडे भगदाड आहे म्हणून आपण स्वतःच्या हाताने नवं पाडावं असं होत नाही. आणि बहुतेक नुकसान ठरवून कुणी करत नाही. एखादा प्रोग्रामर सहज उपलब्ध आहे म्हणून क्रमांक उचलतो, पुढे कधीतरी लागेल म्हणून साठवतो, आणि पाच वर्षांनी तो कंपनीसकट तिसऱ्याला विकला जातो. यात कुठेच वाईट माणूस नाही. सहज उपलब्ध होतं, एवढंच.

ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांना ते कधी कळणार नाही. सकाळी साडेसहाला किटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सत्तेचाळीस नंबरच्या बाईंना ०४४४ आणि ०४०० मधला फरक कुणी सांगणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. पावतीवर फॅट बरोबर आलं की नाही, हे त्या वाचतात. त्या रांगेच्या वतीने डब्याच्या आतली ओळ वाचणारं कुणीतरी असावं, आणि बऱ्याचदा ते काम एखाद्या कंटाळलेल्या रिव्ह्यूअरकडे, संध्याकाळी सहा वाजता, चाळीस ओळींच्या साध्या पॅचच्या रूपात येतं. तुमच्यापैकी जे हे काम करतात, त्यांना “डीबगिंगसाठी” हा शब्द दिसला की एवढंच विचारा: बिघाड शोधायला काय झालंय हे कळलं तर भागेल का, की कोण आहे हे कळायलाच हवं?